थोरल्या दिराच्या कानावर

आमच्या घरात धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात अजून बऱ्याच घरांत ती आहे. भावजयीला मला काही सांगायचं असलं की ती माझ्या बायकोला सांगायची आणि बायको मला. मी समोर बसलेलो असलो तरी तसंच.

"आक्का, भावजींचा चहा निवतोय म्हणावं."

मग बायको माझ्याकडे तोंड करून म्हणायची, "चहा निवतोय." कधी वैतागून म्हणायची, "मी काय पोस्टमन हाय व्हय तुमा दोघांचा?" त्यावर आम्ही तिघंही हसायचो. भावजय पदराआड हसायची.

या रीतीत एक सोय होती. मधल्या माणसानं जे पोचवलं नाही, ते बोललंच गेलं नाही असं धरून चालता यायचं. ही सोय मी वापरली.

मी पलटणीत क्लार्क होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि गावी ऊस बघू लागलो. बाजाराच्या दिवशी कोरेगावात माजी सैनिकांच्या खोलीत एक टेबल टाकून बसायचो, अजूनही बसतो. कुणाच्या पोराला शिष्यवृत्ती मिळते, कुणाला वसतिगृह, कुठल्या प्रवेशाला सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा असते, हे मला पाठ आहे. नोकरीत असताना माणसाचा कागद कंपनीतला क्लार्क करतो. तो घरी आला की त्याला आपल्या पोरांचा हक्क कुठं मागायचा तेच कळत नाही. मी ते सांगतो. लोक मला मानतात. मान घ्यायला मला आवडतं, हेही इथंच सांगून टाकतो.

धाकटा भाऊ माझ्यामागून भरती झाला होता. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली. घरी आला तो तिरंग्यात. भावजय तेव्हा पंचविशीच्या आतली, पोरगी अजून अंगणवाडीत. माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली होती, पण सैनिक नवरा सांगून आला म्हणून पुढचं शिक्षण थांबलं. भावाचे दिवस होताच मी कामाला लागलो. कुटुंब पेन्शन, पोरीच्या शिक्षणाची सवलत, सगळं वेळेत झालं. कुठंही तिला हेलपाटा पडू दिला नाही. भावकीत म्हणाले, दीर असावा तर असा.

पुढच्या वर्षी आईची उजवी बाजू गेली. माझ्या बायकोचे गुडघे धड नव्हते, शिवाय दोन म्हशी आणि रान तिच्याकडं. आईचं सगळं भावजयीनं उचललं. कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं. कुणी तिला सांगितलं नाही. ते आपोआप तिच्याकडं गेलं, आणि मी ते जाऊ दिलं.

त्याच सुमारास एक बाई माझ्या टेबलाशी आली. माझ्याच पलटणीतल्या एका मयत जवानाची बायको, माहेर तिचंही कवठे महांकाळकडचं. तिला शिकायचं होतं. पोरांना नाही, तिला स्वतःला. मी तिच्याबरोबर दोनदा सांगलीला गेलो. सैनिकाच्या विधवेला मिळणारी सवलत दाखवून तिचा नर्सिंगला प्रवेश करून दिला, वसतिगृहात जागाही बघून दिली. घरी येऊन जेवताना ती गोष्ट बायकोला रंगवून सांगत होतो. फी नाही, राहण्याची सोय, आणि तीन वर्षांनी पगार.

"पोरं कुणाकडं ठेवली?" बायकोनं विचारलं.

"आईकडं. म्हातारी म्हणाली, तू जा, मी बघती."

आत चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. भावजय म्हणाली, "आक्का, मला जाता यील का, इचारा की."

आमचं स्वयंपाकघर म्हणजे मधे अर्धी भिंत. शब्द न् शब्द मला ऐकू आला. तिनं तो मला ऐकू यावा एवढ्याच आवाजात काढला होता. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी ताटातली भाकरी कुस्करत राहिलो. पलीकडच्या खोलीत आई घशातून आवाज काढत होती. तिला पाणी पाहिजे असलं की ती तसा आवाज करायची. भावजय उठून तिकडं गेली.

"ऐकलं न्हवं तुमी?" बायको हळू आवाजात म्हणाली.

"कुणी काय म्हणालं मला?"

एवढंच मी बोललो. बायकोनं आमटी वाढली. तिनं ते पोचवलं नाही. तिलाही ते नकोच असणार. भावजय गेली असती तर आई बायकोच्या गळ्यात पडली असती. आम्हा नवराबायकोत यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. आम्ही दोघांनी मिळून ते गिळलं.

भावजयीनं पुन्हा विचारलं नाही. मी मनाशी म्हणायचो, खरंच जायचं असतं तर परत बोलली असती. पोरगी लहान आहे. लोक काय म्हणतील. आणि आईचं औषधपाणी तिच्याच हाताला लागतं. यातलं प्रत्येक कारण खरं होतं, म्हणूनच मला ती सगळी पुरली. वयाची अट किती आहे हे मला माहीत होतं. दरसाली जूनमध्ये मी दुसऱ्यांच्या पोरांचे प्रवेश करून द्यायचो आणि मनात तिचं वय मोजायचो. ज्या वर्षी ते अटीच्या पलीकडं गेलं त्या वर्षी मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

त्यानंतर ती नर्सबाई आमच्याच भागातल्या उपकेंद्रात नेमणुकीला आली. आईला पाठीला जखमा होऊ लागल्या तेव्हा मीच तिला बोलावलं. स्कूटीवरून आली, मला वाकून नमस्कार केला. "साहेब, तुमच्यामुळं हाय मी," म्हणाली. मी दारात उभा होतो. तिनं आईची पाठ उघडी करून बघितली आणि भावजयीकडं वळली.

"जखमा लय स्वच्छ ठेवल्यात तुमी. कुठं शिकलासा?"

"हितंच."

"मग साहेबांनी तुमाला का न्हाई पाठवलं? माझ्यासारखीला पाठवलं की."

भावजय आईला धरून होती. तिनं मान वर केली नाही. "त्यांच्या कानावर गेलं न्हाई," ती म्हणाली.

बाईला ते साधंच उत्तर वाटलं. ती पट्टी बांधत राहिली. मी ओसरीवर येऊन बसलो आणि आतून चहा येईपर्यंत उठलो नाही. चहा बायकोनं आणला. "निवतोय," म्हणाली.

आई गेल्या वर्षी गेली. दिवस झाले, पाहुणे पांगले. एका सकाळी मला काय सुचलं कोण जाणे. भावजय आत होती, बायको ओसरीवर शेंगा फोडत होती. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "तिला म्हणावं, आता मोकळी झालीस. काय शिकायचं असंल तर बघू."

वय गेलंय हे ठाऊक असताना म्हणालो. आता द्यावं काहीच लागणार नव्हतं, म्हणून दिलदार झालो.

बायकोनं तोंड उघडायच्या आत भावजय उंबऱ्यात आली. डोक्यावर पदर तसाच होता. घरात आल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"भावजी, वय गेलं माझं. तुमास्नी ठावं हाय."

मी म्हणालो, "आई अशी पडलेली, तवा..."

"आत्तींस्नी सोडून मी गेले नसते बी. मीच न्हाई म्हणाले असते. पर ते मला म्हणू द्यायचं हुतं. त्या दिवशी भाकरी कुस्करत हुतासा. अर्ध्या भिंतीवरनं दिसत हुतं मला."

ती आत गेली. बायको शेंगा फोडत राहिली. फोडलेले दाणे आणि टरफलं एकाच सुपात पडत होती, तिच्या ते ध्यानात नव्हतं.

तेव्हापासून भावजय माझ्याशी सरळ बोलते. तुटक नाही, रागानं नाही. भावजी, डेअरीचं बिल आलंय. भावजी, पोरीची शिष्यवृत्ती अजून जमा झाली न्हाई, बघा. पोरगी आता सांगलीत शिकते, तिच्या बापाच्या नावावर. येणारेजाणारे म्हणतात, तुमचं घर सुधारलं, दीर-भावजय मोकळं बोलतात. मी मान हलवतो.

बाजाराच्या दिवशी टेबलाशी अजून बसतो. परवा एकजण वारलेल्या भावाच्या पोरांची कागदं घेऊन आला. त्याची भावजय बाहेर झाडाखाली उभी होती. मी विचारलं, "त्यांना स्वतःला काय शिकायचंय का?"

"त्या काय म्हणत न्हाईत," तो म्हणाला.

मी बाईला आत बोलावून तेच विचारलं. तिनं दिराकडं बघितलं. "ह्ये म्हणतील तसं," म्हणाली. तो माझ्याकडं बघून हसला, आता झालं का समाधान, असं. मी पोरांचे अर्ज भरून दिले. तिला काय मिळू शकतं ते एका कागदावर लिहून तिच्या हातात दिलं. दारातून बाहेर पडताना तो कागद दिराच्या खिशात गेलेला मी बघितला.

घरी आलो. ताट वाढलेलं होतं. "भावजी, आमटी वाढू का?" भावजयीनं विचारलं. ती पळी घेऊन समोर उभी होती. माझ्यानं तिच्याकडं बघवेना. मी बायकोकडं तोंड केलं आणि म्हणालो, "तिला म्हणावं, पुरे."

बायको ताटावरून उठली. "तुमीच सांगा," म्हणाली आणि हात धुवायला बाहेर गेली.

भावजय पळी घेऊन उभीच होती.