बिनलसणाचं भडंग

दुकानासमोर कुणी उभं राहिलं की आक्का काही विचारायच्या नाहीत. परातीत हात घालून मूठभर भडंग काढायच्या आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायच्या. "आधी तोंडात टाका. मग बोला." त्याने तोंडात टाकलं की त्या त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. टक लावून. नवीन माणूस घाबरायचाच. मीही घाबरले होते. सांगलीच्या जुन्या भागातल्या त्या गल्लीत तुम्ही कधी गेला असाल तर तुम्हीही घाबरला असाल, आणि मग अर्धा किलो घेऊनच घरी गेला असाल.

दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. पाटी नव्हती. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि सणावारी चिवडा, एवढाच माल. मी समोरच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडील जतकडे मेंढरं राखतात, पावसाळा सोडला तर घर त्यांच्या पाठीवरच असतं. आक्का जैन. कांदा, लसूण, बटाटा असलं कंदमूळ खायचं नाही, दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, अशा कडक. मला सुरुवातीला वाटायचं, मेंढरांच्या घरातली पोरगी म्हटल्यावर या बाई मला ओट्यावर तरी बसू देतील का?

त्यांनीच विचारलं एकदा, "मेंढरास्नी नावं असत्यात का गं?"

"काहींना असतात."

"मग विकताना कसं करता?"

मी म्हटलं, "त्या दिवशी वडील कुणाशी बोलत नाहीत."

आक्कांनी परातीत हात घातला. मग मूठभर भडंग माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "बस की वर. उभी का?"

तेव्हापासून मी रोज कॉलेजातून आल्यावर ओट्यावर बसू लागले.

आता भडंग म्हणजे लसूण आलाच, हे तुम्हाला मी सांगायला नको. आक्कांच्या भडंगात लसूण नव्हता. त्याच्या जागी हिंग असायचा, कढीपत्ता इतका तळलेला असायचा की बोटात धरला तर चुरा व्हावा, आणि आणखी काहीतरी असायचं जे मला कधी ओळखता आलं नाही. कोपऱ्यावरच्या स्टँडचा एक रिक्षावाला रोज यायचा आणि रोज तेच बोलायचा.

"आक्का, लसणाबिगर भडंग म्हंजे मिशीबिगर पाटील."

"मग मिशीवाल्याच्या दुकानात जावा की. हिकडं कशाला येतायसा?"

"सवय लागली वो."

"मग मिशी इसरा. आधी तोंडात टाका."

दुसरी गोष्ट म्हणजे संध्याकाळ. सगळ्या सांगलीत खाण्याच्या गाड्यांवर गर्दी व्हायला लागते ती दिवे लागल्यावर. आक्कांचं दार तेव्हा लागलेलं असायचं. स्वतः खात नाही त्या वेळेला दुसऱ्याच्या हातावर तरी कसं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी याचाही राग धरला नाही. ऊन कलायला लागलं की बायका पोरांना पिटाळायच्या, "जा रं पळत, आक्का दार लावतील." मला वाटतं, दुकान सदा उघडं असतं तर लोक एवढे धावत आले नसते. पण हे माझं वाटणं आहे.

दुसरं वर्ष संपताना वाणिज्यच्या सरांनी आम्हाला तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प दिला. माणसाची संस्कृती आणि स्वभाव यांचा लहान धंद्याच्या यशाशी काय संबंध असतो, असा विषय. माझ्या डोळ्यांसमोर एकच दुकान होतं. मी वही न काढता, नुसतंच विचारलं, "आक्का, तुमच्या यशाचं कारण काय?"

"कसलं यश गं? चिरमुऱ्याला वारं लागलं की मऊ पडतंय. असल्या मालाचा धंदा आपला." मग माझा पडलेला चेहरा बघून म्हणाल्या, "लिही, लिही. डबा घट्ट झाकायचा, आणि चुकलं तर लोकांनी तोंडावर सांगायचं. एवढंच यश."

घरात त्यांची सून होती, शिराळ्याकडची. मी तिला वैनी म्हणायचे. मुलगा कारखान्यात नोकरीला, त्याचा दुकानाशी संबंध नव्हता. वैनी चिरमुरे चाळायची, शेंगदाणे निवडायची, पुडे बांधायची. पण फोडणीला हात लावायचा नाही. पहाटे अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आक्का स्वतः कढईपुढे बसायच्या. वैनीने एकदा मीठ टाकायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "घर तुझं, पोरगा तुझा. कढई माझी."

वैनी हसली होती. तेव्हा मलाही ते गमतीचंच वाटलं.

त्या उन्हाळ्यात आक्कांना मोठा ताप आला. बरेच दिवस दार बंद राहिलं. परत उघडलं तेव्हा गल्लीत सण असल्यासारखं झालं. आक्का वाळल्या होत्या, पण मूठ तशीच भरून आली. "आधी तोंडात टाका." मी टाकलं. आणि मला ठसकाच लागणार होता. खारट. समुद्राचं पाणी मी प्यायलेले नाही, पण असंच असेल.

आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी हसले.

माझ्यामागे रिक्षावाला होता. त्याने मूठभर एकदम तोंडात टाकलं, डोळे मोठे केले आणि म्हणाला, "फस्क्लास!" मग कोपऱ्यावर जाऊन त्याने अर्धी बाटली पाणी प्यायलं. मला बघून बोट ओठावर ठेवलं. "गप बस. आजारातनं उठलीया म्हातारी. चार दिवस खाऊ आपण खारट. काय मरत न्हाई."

सगळ्या गल्लीने हेच ठरवलं होतं, एकमेकांना न विचारता. प्रत्येक जण मूठ तोंडात टाकायचा, हसायचा, पुडा घ्यायचा. पुढे अर्ध्या किलोच्या जागी पाव किलो घ्यायला लागला. त्याच्या पुढे बायका मागच्या बोळातून बाजाराला जायला लागल्या, कारण समोरून गेलं तर आक्का हाक मारणार आणि खोटं हसावं लागणार. ऊन कललं तरी परात भरलेली दिसू लागली.

आक्कांना दिसत होतंच. "लोकास्नी झणझणीत पायजे आता," त्या मला म्हणाल्या. "बाहेरचं खाऊन जिभा मेल्यात सगळ्यांच्या." आणि त्यांनी मसाला वाढवला. मसाल्याबरोबर मीठही वाढलं.

तुम्ही म्हणाल, घरात सून होती ना? मीही तेच वैनीला विचारलं. ती गच्चीवर चिरमुरे उन्हात घालत होती.

"मला कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "पयल्या दिवशीच कळलंय. पण मी बोलले तर काय हुईल? सून कढईवर टपलीया, म्हातारी आजारी पडायचीच वाट बघत हुती, असं लोक म्हणत्याल. सासूबाईंस्नी पण तसंच वाटंल. यांस्नी सांगितलं तर हे म्हणत्यात, आईचं मन मोडू नगो." तिने चिरमुऱ्यांवर जुन्या लुगड्याचा पातळ धडपा पसरला आणि कडेला दगड ठेवले. "असंच चाललं तर दिवाळीच्या आत दुकान बसंल बघ. तूच सांग. तू परकी हाईस. तुझं वाईट वाटायचं न्हाई."

परकी हा शब्द मला त्या दिवशी लागला, आणि बराही वाटला. पण सांगायचं कसं? माझ्या आईने मला एक गोष्ट शिकवली होती: कुणी हातावर अन्न ठेवलं तर त्याला नावं ठेवायची नाहीत. रानामाळात कुणाच्या दारात पाणी मागावं लागतं अशा घरात ही शिकवण चुकीची नाही. मी कितीतरी दिवस ओट्यावर येऊन बसायचे आणि मिठाचं न काढता परत जायचे.

शेवटी एका दुपारी गल्ली रिकामी होती. आक्कांनी माझ्या हातावर मूठ ठेवली. मी तोंडात टाकलं. त्या बघत राहिल्या.

"कसं झालंय?"

माझं तोंड आपोआप हसायला लागलं होतं. मी ते थांबवलं. "आक्का, मीठ जास्त झालंय."

"आज?"

"लय दिस झालं." शहरात आल्यापासून मी जपून बोलायचे, पण तेव्हा तोंडातून घरचंच निघालं.

आक्का उठल्या. मिठाची बरणी काढली. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि उभ्या राहिल्या. कुठून तरी बोलावणं येईल म्हणून वाट बघावी तशा. मग आणखी एक चिमूट.

"माती टाकली असती तरी असंच लागलं असतं," त्या म्हणाल्या. "तापापासनं कायच कळंना झालंय. गोड न्हाई, खारट न्हाई. मला वाटलं, चव गेली तर जाऊ दे, माणसांच्या तोंडाकडं बघून भागवू. सगळी हसत हुती गं. सगळी." बरणीचं झाकण लावत म्हणाल्या, "त्यो रिक्षावाला बी?"

"त्ये बी."

"मुडद्याला वर आणि एक मूठ देत हुते मी रोज!" आणि त्या हसल्या. खरंच हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि परातीवर फडकं टाकलं. ऊन डोक्यावर होतं आणि आक्कांनी दार लावून घेतलं.

त्या रात्री मी अभ्यासाला बसले पण काही वाचलं नाही. मला वाटत होतं, मी दुकान बुडवलं.

सकाळी समोरून फोडणीचा वास आला. मी धावत खाली गेले. कढईपुढे वैनी बसली होती, केस ओलेच. आक्का बाजूला पाटावर.

"मीठ किती टाकलंस?"

"तुमच्यापरास कमी."

"कढई मिळाल्याबरोबर तोंड फुटलं बघा हिला!" पण त्यांनी पळी काढून घेतली नाही. हिंग कधी टाकायचा, कढीपत्त्याचा आवाज कधी बदलतो, एवढंच सांगत राहिल्या. चव तेवढी वैनीवर सोडली.

मग परात बाहेर आली, आणि आक्का येईल त्याला म्हणू लागल्या, "हात सुनेचा हाय. खरं सांगा. उगंच हसलासा तर मूठ परत घेईन." लोक वरमले. कुणी भडंगाकडे बघेना, कुणी आक्कांकडे. रिक्षावाला बराच वेळ चघळत राहिला आणि भीत भीत म्हणाला, "तिखट वाईच जास्त हाय, आक्का."

आक्कांनी आत तोंड करून केवढ्यांदा ओरडून सांगितलं, "ए पोरी! तिखट जास्त हाय म्हणतोय! ऐकलंस का?" शेजारी मुलगा पास झाल्याचं सांगावं तसं.

मागच्या बोळातून जाणाऱ्या बायका हळूहळू पुढून यायला लागल्या. दिवाळीला चिवड्याला रांग लागली.

माझ्या प्रकल्पावर सरांनी लिहिलं, 'निष्कर्ष स्पष्ट नाही.' ते खरंच आहे. ज्या मायेने गल्लीने ते दुकान उभं केलं, त्याच मायेने ते बसत आलं होतं. याला यशाचं कारण म्हणायचं की अपयशाचं, हे मला तेव्हा लिहिता आलं नाही. आजही येईल असं वाटत नाही.

पुढे आक्का साताऱ्याला लेकीकडे राहायला गेल्या. गुडघे धरले होते, घरातला जिना चढवेना; तिथे लिफ्ट होती. यंदा थंडीत त्या वारल्या. त्याआधी एकदा मी त्यांना भेटले. मला साताऱ्यात नोकरीची मुलाखत होती. वैनीने त्यांच्यासाठी पुडा बांधून दिला होता, तो इस्लामपूर, कराड करत एसटीत मांडीवर धरून नेला. पोचले तेव्हा ऊन उतरत होतं.

"दिस हाय का अजून?" त्यांनी लेकीला विचारलं. आहे म्हटल्यावर पुडा स्वतः सोडला. ताटलीत ओतलं. चिमटीने थोडं तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावत राहिल्या.

"कुरकुरीत हाय," त्या म्हणाल्या. चव परत आलेली नव्हती. डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. "तू बी खा. आणि काय काय लागतंय ते सांग मला."

मी तोंडात टाकलं. सांगू लागले. आधी शेंगदाण्याचं तेल लागतंय, मग कढीपत्ता. हिंग नाकात जातोय. मीठ बरोबर आहे, अगदी बरोबर. तिखट उशिरा येतंय, घशाजवळ, आणि त्याच्यामागे किंचित गोड...

"थांब गं," आक्का म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "सावकाश सांग. अजून गिळलं न्हाई मी."