स्पेनच्या रीतीने निवडलेला अध्यक्ष

कॉलेजात इतिहासाच्या मॅडमनी प्रत्येकाला एका संस्थेचा इतिहास वर्गासमोर सांगायला लावला होता. मी स्पेनमधला एक मोठा फुटबॉल क्लब निवडला. फुटबॉलला मी कधी पाय लावलेला नाही; पण वर्गातली मुलं सारखी त्याच क्लबबद्दल बोलायची आणि त्या बोलण्यात मला कुठूनच शिरता येत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तयारी कशी करायची हे विचारायला कुणी नव्हतं. मी आपली आई-बाबांना समोर बसवून बोलून पाहायची.

बाबा गुढियारीच्या घाऊक बाजारात किराणा मालाच्या गोदामात काम करतात. संध्याकाळी इतके दमलेले असतात की क्लबनं जिंकलेले चषक मी सांगायला घेतले की त्यांचा डोळा लागायचा. पण एका वाक्याला त्यांनी डोळे उघडले. मी म्हणाले होते की या क्लबला कुणी शेठ मालक नाही. वर्गणी भरणारे सभासदच मालक, आणि तेच मत देऊन अध्यक्ष निवडतात.

"म्हंजे चंदा देणारा मालक?"

"हव."

"मंग मी कोणाचा मालक आहो, सांग बरं."

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गणेश मंडळाला बाबा माझ्या जन्माआधीपासून चंदा देतात. मंडपाचे बांबू, सतरंज्या, खुर्च्या, सगळं तेच उचलतात. अध्यक्ष मात्र मला आठवतं तेव्हापासून एकच काका. त्यांना कुणी निवडलं हे कुणालाच माहीत नाही. स्टेजवर लाल गादीच्या खुर्चीवर ते बसतात, आणि ती खुर्ची स्टेजवर चढवतात बाबा.

"एक डाव त्या खुर्चीवर बसून पाहाव म्हणतो," बाबा म्हणाले, आईकडे न बघता.

"बसा ना. उचलता तवा पुसूनबी घ्या," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तिकडे निवडून कसे येतात? मी वाचलं होतं ते सांगितलं. एकदा एका उमेदवारानं जाहीर केलं, मला निवडा, मी वैरी क्लबचा सगळ्यात भारी खेळाडू आपल्याकडे आणतो. लोकांनी त्याला निवडलं आणि त्यानं खरंच आणला. पुढचं ऐकायला बाबा थांबलेच नाहीत.

मंडळाच्या मीटिंगमध्ये काका "तर यंदाही मीच..." इथपर्यंत आले आणि बाबा उभे राहिले.

"स्पेनमधी मतं घेतात."

"स्पेन कोणत्या वार्डात येते गा?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले. आईशेजारी बसून मी मान खाली घातली. बाबांचं हसं होत होतं, आणि स्पेन त्यांच्या डोक्यात मीच घातला होता.

बाबा बसले नाहीत. "मले निवडाल तर महाप्रसादाले तेलीबांध्याचा आचारी आणतो."

हसणं थांबलं. तेलीबांध्याच्या फ्लॅटवाल्यांच्या मंडळाचा महाप्रसाद आमच्याच दिवशी असतो. आमच्या पाऱ्यातले लोक इथून अर्धपोटी उठून तिकडची वांग्याची भाजी खायला जायचे. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण तिथल्या रांगेत काकाही भेटायचे.

भराभर हात वर झाले. त्यात एक काकांचाही होता.

घरी येताना आईनं विचारलं, "आचाऱ्याले विचारलं का?"

बाबा थांबले. मला म्हणाले, "त्या स्पेनवाल्यानं विचारलं होतं का आधी?"

"हव. आधीच बोलणी करून ठेवली होती."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"सांगून राहिली होती, तर तुम्ही उठून गेले."

बाबा आणि मी आचाऱ्याकडे गेलो. त्यानं स्पेनसकट सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडले लोक चिडतील. त्या खेळणाऱ्या पोट्ट्याचं काय झालं मंग?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा, असं ते पाहणं होतं. पण मला खोटं बोलणं जमत नाही.

"जुन्या मैदानावर गेला तर लोकांनी बाटल्या फेकल्या. एकदा डुकराचं मुंडकंसुद्धा."

बाबांनी डोळे मिटले. आचारी हातातल्या वांग्याकडे बघत राहिला.

"मुंडकं? लय जीव होता म्हणा लोकायचा त्याच्यावर. मले तर भाजी कोणी केली हेबी कोणी विचारत नाही." मग म्हणाला, "येतो. पण कढई मोठी आहे, घोटायले दमाचा माणूस पाह्यजे. अध्यक्ष, तुम्हीच उभे राहा."

मधल्या काळात माझं वर्गासमोरचं बोलणं उरकलं. मुलांनी क्लबपेक्षा आचाऱ्याबद्दलच जास्त विचारलं.

महाप्रसादाच्या दिवशी माइकवरून पुकारा झाला, "अध्यक्षांनी स्टेजवर यावं." बाबा मंडपामागे घामाघूम होऊन भाजी घोटत होते. सोडून गेले असते तर भाजी करपली असती. लाल खुर्ची रिकामीच राहिली. तिसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा मला राहवेना. मी स्टेजवर चढले आणि खुर्ची उचलायला गेले. ती हलेना. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं काकांनी हात लावला.

"भारी आहे गा!" ते म्हणाले.

आम्ही ती चुलीपाशी आणून ठेवली. बाबांनी लुंगीला हात पुसले, गादीवरून एकदा हात फिरवला आणि बसले. झारा हातातच होता.

"अध्यक्ष!" आचारी ओरडला. "भाजी लागून राहिली ना!"