मिठाची पुडी आणि बाळाची टोपी

हां, तर मिठाच्या पुडीपाशी आलो होतो आपण. विमानतळावरच्या तपासणीच्या बाईंनी ती पुडी दोन बोटांत धरली, उजेडाकडे नेली, हलवून पाहिली आणि विचारलं, "काका, हे पांढरं काय आहे?"

"मीठ," बर्फोबा म्हणाला.

"मीठ कशाला?"

"बर्फाला."

"आणि बर्फ कशाला?"

"इंजेक्शनला."

बाईंनी एकदा पुडीकडे पाहिलं, एकदा बर्फोबाकडे. मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी हातातल्या बॅगा पुन्हा जमिनीवर ठेवल्या. आता वेळ लागणार, हे त्यांना न सांगता कळलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो. बर्फोबा म्हणजे आमच्या गल्लीतला, बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. तोंडावर सगळे दादा म्हणायचे, पाठीमागे बर्फोबा. त्याचा उभा जन्म खाऱ्या पाण्याच्या टाकीवर गेला. कारखान्यात बर्फाच्या लाद्या धरायच्या तर पाण्याचे उभट डबे त्या टाकीत बुडवून ठेवतात. मिठामुळे टाकीतलं पाणी स्वतः गोठत नाही, पण डब्यातल्या पाण्याचा दगड करून सोडतं. हे बघत बघत केस पांढरे झालेल्या माणसाचा मिठावर किती विश्वास बसेल, विचार करा. बर्फोबाच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या. गोठलेल्या, आणि अजून गोठायच्या राहिलेल्या. घरातल्या फ्रिजचा खटका कायम शेवटच्या आकड्यावर. त्यांच्याकडे टोमॅटो चिरायचा तर आधी ओट्यावर आपटावा लागे. वहिनींनी याबद्दल लग्नानंतर पहिली काही वर्षं तक्रार केली, मग टोमॅटो रोजच्या रोज आणायला लागल्या.

वहिनींना संधिवात. हाताची बोटं आखडायची, ती अशी की कपाचा कान धरता येऊ नये. ठरलेल्या दिवशी इंजेक्शन घेतलं की बोटं ताळ्यावर राहत. एकदा दुकानात माल संपला आणि आठवडा लांबला, तर बर्फोबा त्यांची वेणी घालत होता. वेणी कशी झाली ते विचारू नका.

अशात लांबच्या शहरात त्यांच्या लेकीला मुलगी झाली. वहिनींनी जाहीर केलं, "बाळाला मी माझ्या हातांनी उचलणार. कुणी मांडीवर आणून ठेवायचं नाही, मी काय उशी आहे?" आणि इंजेक्शनचा दिवस नेमका पोचायच्या दिवशीच पडला. तिकडे मागवलं तर यायला आठवडा. म्हणजे न्यायचं ते इथूनच, विमानातून, थंड ठेवून. मुक्काम महिन्याचा, म्हणून इंजेक्शनं दोन घेतली.

औषधाच्या दुकानदाराने एक निळी पिशवी दिली होती. आत जेलची दोन पाकिटं, फ्रिजमध्ये गार करून ठेवायची. बर्फोबाने त्यातलं एक गालाला लावून पाहिलं.

"हे थंड नाही," तो म्हणाला. "हे नुसतं नाराज आहे."

इंजेक्शनच्या खोक्यावर 'गोठवू नये' असं स्वच्छ छापलेलं होतं. वहिनींनी दाखवलंही.

"लिहितात गं. 'पायरी ओली आहे' असंही लिहितात. पायरी कोरडी ठणठणीत असते."

मग त्याने आपल्या पद्धतीने बांधाबांध केली. जुन्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणला, टोच्याने बारीक फोडला, स्टीलच्या डब्यात थर दिला, वर मूठभर मीठ, पुन्हा थर, पुन्हा मीठ. एक इंजेक्शन तळाशी रोवलं. बाहेरून गोणपाट. वाटेत लागलं तर असावं म्हणून मिठाची पुडी वेगळी. दुसऱ्या इंजेक्शनसाठी हात पुढे केला तर वहिनी ते बाळासाठी विणलेल्या लोकरीच्या टोपीत घालत होत्या. ती टोपी त्यांनी आखडत्या बोटांनी विणली होती, एका बाजूला जरा तिरकी झाली होती.

"अगं, बर्फात कुणी टोपी घालून जातं का?"

"शहाणी माणसं टोपी घालूनच जातात," वहिनी म्हणाल्या. "तुमचा बर्फ चावतो. मला तीस वर्षं चावतोय."

पहाटे निघायच्या घाईत कोण भांडणार? बर्फोबाने ती टोपी डब्यात सगळ्यात वर ठेवली आणि झाकण लावलं.

तर तपासणीच्या बाई. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, गोणपाट सोडायला लावलं, डबा उघडला. आतून जी वाफ आली तिने त्यांच्या चष्म्यावर धुकं धरलं. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "काका, बर्फात मीठ तुम्ही मुद्दाम घातलंत?"

"मुद्दामच. मिठाने थंडी वाढते."

"वाढतेच. माझे वडील इन्सुलिन घेतात, मला माहीत आहे." त्यांनी तळातलं इंजेक्शन काढून त्याच्या नळीवरच्या छोट्या काचेच्या खिडकीतून पाहिलं. आत सगळं पांढरं. "हे गोठलंय."

बर्फोबाचा चेहरा खुलला. "गोठणारच."

"काका, गोठलेलं चालत नाही. हे वाया गेलं."

तो खुललेला चेहरा मिटवायला त्याला बराच वेळ लागला. वहिनी रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी फक्त आपली दोन्ही हातांची बोटं एकदा मिटली आणि उघडली, जणू मोजून घेत होत्या अजून किती उघडतात. बर्फोबाने ते पाहिलं आणि मान वळवली.

मग बाईंनी वरची टोपी उचलली. आतलं इंजेक्शन उजेडात धरून तिरकं केलं. बारीकसा बुडबुडा या टोकाकडून त्या टोकाकडे निवांत चालत गेला.

"हे ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण आता बर्फात पुन्हा घालू नका. दुसरं काही आहे का न्यायला?"

बर्फोबाकडे दुसरं काही नव्हतं. वहिनींनी आपल्या पर्समधून ती निळी पिशवी काढली. आत दोन्ही नाराज पाकिटं, रात्रभर फ्रिजात गार केलेली.

डबा बर्फोबाने स्वतः कचऱ्याच्या पेटीत रिकामा केला. पुडीही टाकली. मागच्या रांगेतल्या एकाने हळूच टाळी वाजवली, ती कशासाठी ते कळलं नाही.

संकट एवढ्यावर संपलं असतं, पण विमान उडेना. सगळे पट्टे बांधून बसलेले, बाहेर ऊन तापलेलं, आणि पायलट दर थोड्या वेळाने थोडाच वेळ लागेल असं सांगायचा. जेलची पाकिटं मऊ पडली. वहिनी पिशवीवर हात ठेवून बसल्या. शेवटी बर्फोबाने खिडकीकडे बघत मनातल्या मनात स्वतःशीच काहीतरी मिटवलं आणि हवाई सुंदरीला हाक मारली.

"ताई, बर्फ आहे का?"

तिने पेला भरून आणला. बर्फोबाने एक खडा उचलून डोळ्यासमोर धरला.

"मधे भोक आहे."

"तसाच येतो, काका."

"आमच्याकडे असला बर्फ बाहेर गेला असता तर गिऱ्हाइकाने डोक्यात घातला असता."

"अहो, घ्या मुकाट्याने," वहिनी म्हणाल्या. "तुमचा बिनभोकाचा आत्ताच कचऱ्यात टाकून आलोय."

त्याने घेतला. खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले, पिशवीभोवती रुमाल गुंडाळला, रुमालाशेजारी टोपी, टोपीत इंजेक्शन. आणि टोपीत बोट घालून बसला. बोटाला फार गार लागलं की बर्फ जरा लांब सरकवायचा, ऊब लागली की जवळ. विमान उडालं, ढग आले, लोकांनी खाल्लं, झोपले, बर्फोबाचं बोट टोपीतच. हवाई सुंदरीने येऊन विचारलं, "काका, आणखी बर्फ देऊ?"

"नको. पुरे."

वहिनी खिडकीतून ढग बघत होत्या. त्यांनी ढग सोडले आणि नवऱ्याकडे पाहिलं. बर्फाच्या बाबतीत 'पुरे' हा शब्द त्यांनी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता.

पोचल्यावर लेकीने इंजेक्शन निरखलं, बुडबुडा हलतो का पाहिलं आणि आईला टोचलं. पोचायच्या दिवशी, ठरल्याप्रमाणे. टोपी ओली म्हणून बाल्कनीत वाळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी हात धुतले, पुसले, पाळण्यावर वाकल्या आणि बाळाला उचललं. एक पंजा मानेखाली, एक पाठीखाली. बोटं जरा वाकडी होती. बाळानेही त्यातलं एक धरून पाहिलं आणि चालेल असं ठरवून झोपलं.

जावई चहा घेऊन आले. लेक बापाशेजारी बसली आणि सहज म्हणाली, "पुढचं इंजेक्शन मी इथे मागवलंय. पण बाबा, तुम्ही तर दोन घेऊन निघाला होता ना? मग पोचलं एकच कसं?"

बर्फोबाने वहिनींकडे पाहिलं. वहिनी बाळाकडे बघत होत्या आणि मदत करायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता. त्याने चहाची बशी खाली ठेवली.

"एक तुझ्या आईने आणलं," तो म्हणाला. "माझं अजून वितळतंय."