पाहुण्याचं पान

भूत, करणी, अंगात येणं... या सगळ्याला मी जन्मभर हसत आले. हायस्कूलवर विज्ञान शिकवायचे, आणि आमच्या खर्डा गावात त्यापायी बोलणीही खाल्ली आहेत. तरी हे लिहितेय, कारण या प्रकाराचा मला अजून राग येतो.

एकाहत्तर सालची अखेर. लहानपणीच्या तापानं ह्यांच्या हृदयाची झडप खराब झालेली — जिना चढले तरी धाप. मुंबईच्या एका इस्पितळात ऑपरेशन झालं आणि कुणा मेलेल्याची, घरच्यांनी दान दिलेली झडप ह्यांना बसवली. कुणाची ते सांगता येत नाही, म्हणाले डॉक्टर. हे हिंडूफिरू लागले, तोंडावर रंग आला. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर पितृपक्ष आला.

सासूबाईंनी ठरवलं, त्या दात्याचंही पान वाढायचं. तिथी माहीत नाही, म्हणजे सर्वपित्री अमावास्या. इथवर माझी हरकत नव्हती. माळवदावर दोन पानं ठेवली — एक सासऱ्यांचं, शेजारी या पाहुण्याचं, त्याच्यापुढे नवी टोपी आणि उपरणं. बहात्तरचा दुष्काळ, कावळेसुद्धा उपाशी. सासऱ्यांचं पान त्यांनी पुसून साफ केलं. पाहुण्याच्या भाताला मात्र चोच लावेनात!

कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही. सासूबाईंनी हात जोडून काय काय कबूल केलं — तुझ्या नावानं आंबा लावते, देवळात दिवा लावते... कावळे ढिम्म. दुपार कलली. मी ह्यांना म्हटलं, औषध घ्यायचंय, दोन घास तरी खा. हे भिंतीला टेकून, छातीवर हात धरून बसलेले, चेहरा पांढराफटक.

"त्याला माझ्यात राहायचं नाही गं," हे हळूच म्हणाले. "तो निघालाय."

सासूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "पावना रुसलाय, सूनबाई. त्येच्या मनात काय हाय, कुनाला ठावं."

मी घाबरले, आणि घाबरले की माझं डोकं फिरतं. पाहुणा बाप्याच कशावरून? कपाटातला चोळीचा खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू घेऊन मी तरातरा माळवदावर गेले. टोपी-उपरणं उचलून बाजूला टाकलं आणि हे सगळं पानापुढे आपटलं.

"बाई असलीस तर ऐक," मी म्हटलं. "हा माणूस मला हवाय. जेव, आणि राहा गुमान."

मी वळायच्या आत कावळा भातावर होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टर कागद चाळता चाळता बोलून गेले, बाईची झडप, जरा लहानच होती, पण छान बसली. लगेच जीभ चावली. कागद मिटून ठेवले.

योगायोग म्हणा. मीही तेच म्हणत आले — दर सर्वपित्रीला तिच्या पानापुढे नव्या बांगड्या ठेवून.

हे पुढे बरीच वर्षं जगले. गेल्यावर पितृपक्षात ह्यांच्या तिथीला मी पान वाढलं, आवडती गवारीची भाजी मुद्दाम केली. कावळे नुसते बघत बसले. मी मुलांची शपथ घातली, विनवण्या केल्या, रडले. शेवटी पाय आपटत खाली आले आणि तिचंही पान वाढून, बांगड्यांसकट, वर नेऊन ह्यांच्या शेजारी ठेवलं. दोन्ही पानांवर कावळे उतरले.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, विज्ञानाच्या पुस्तकातही नाही. राग मात्र आहे. संसार मी केला, पथ्यपाणी मी सांभाळलं, आणि हा माणूस जेवायचा थांबला तिच्यासाठी.