मावशींनी ऐकलेलं नाटक

सुरतेत पर्वत पाटिया भागात आमच्या शेजारी एक खानदेशी मावशी राहतात. साड्यांना टिकल्या लावताना त्यांना कानावर कुणाचा तरी आवाज हवा असतो, म्हणून परीक्षेला लावलेलं नाटक मी त्यांना सांगायची. त्यात काही मुली बायकांवर चेटकिणीचा आळ घेतात, सगळं गाव पिसाळतं आणि निरपराध माणसं फासावर जातात. ऐकताना मावशी पदराने डोळे पुसायच्या. एरवी कुणाबद्दल बोलायचं झालं की त्या आवाज खाली आणतात, "मी नही म्हनत, लोके म्हनतस."

गेल्या आठवड्यात समोरच्या घरातलं बाळ तापाने फणफणलं. नळावर बायका जमल्या. कोपऱ्यातल्या घरात एकट्या राहणाऱ्या बाईने बाळाला उचललं होतं, तिची नजर वाईट आहे असं लोक म्हणतात, हे मावशींनीच हळूच सांगितलं. एकेक मान हलू लागली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "तू बी देखं ना, पोरी?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"ते रडत होतं म्हणून तिने उचललं. मी एवढंच पाहिलं," मी म्हणाले.

मावशींनी हात काढून घेतला आणि अगदी मायेने विचारलं, "तू तिना घर नेहमी जास का व?"