ते इंग्रजी वाक्य

आज भाकरी करपली आणि त्या वासानं ती संध्याकाळ आठवली. माझी लेक सुनंदा दहावीच्या इंग्रजीत नापास झाली होती. पुन्हा झाली तर तिचे बाबा तिचं लग्न लावणार होते. त्या संध्याकाळी ती ‘इन फ्रंट ऑफ’चं वाक्य लिहीत बसली होती; ते शब्द कुठं टाकायचे तेच कळत नाही, म्हणायची.

"वाचून दाखव," चुलीपुढून मी म्हणाले.

"तुले काय समजते वं माय?"

"तू अडखळली की मले समजते, चुकलं. पुन्हा लिही."

शेवटी तिनं खणखणीत वाचलं. मी मान डोलावली, तव्यावर करपलेली शेवटची भाकरी उतरवली आणि जाऊन झोपले.

ती पास झाली. परवा हसत म्हणाली, "माय, ते वाक्य चुकलंच होतं. सकाळी उठून दुरुस्त केलं. कामावरून थकून आली होती तू, तुहे डोळे मिटत होते, म्हणून न अडखळता जोरात वाचलं."

मला वाटायचं, मी तिचा अभ्यास घेत होते. ती मला झोपायला पाठवत होती.