गणपती झाले की नळी काढू

आमच्या बिल्डिंगच्या गणपतीसमोर गाऱ्हाणं मी घालतो. करी रोडची आमची चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली तेव्हा गॅलरी गेली, सामायिक नळ गेला, त्यावरची भांडणं गेली, पण गाऱ्हाणं तेवढं राहिलं. आरती आटोपली की हातात नारळ घेऊन एकाने सगळ्यांची दुखणीखुपणी मालवणीत देवाच्या कानावर घालायची आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी ही आमची कोकणी रीत. हा मान वडिलांकडून माझ्याकडे आला. वडील गिरणीत होते, यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून बोलायची त्यांना सवय होती. मी विम्याच्या कचेरीत जन्म काढला. माझा आवाज काउंटरच्या काचेपलीकडे नीट पोचत नसे. पण मान तो मानच.

यंदा गणपतीला दीड-दोन महिने असताना मला मूतखड्याने गाठलं. आधी बायकोने महिनाभर कुळथाचं पाणी, कुळथाची पिठी आणि पुन्हा कुळथाचं पाणी असा मारा केला. खडा बधला नाही, मी मात्र कुळथाच्या वासाने घर सोडायच्या बेतात आलो. शेवटी परळच्या एका हॉस्पिटलात लेझरने तो फोडला आणि आत एक मऊ नळी ठेवली. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत, पायजम्यात नाडी ओवावी तशी. सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. घरी सोडताना म्हणाल्या, "काका, नीट ऐका. ही नळी म्हणजे बाहेरची वस्तू. जास्त दिवस राहिली की जंतू तिच्यावर घर करतात. त्यात तुम्हाला शुगर. पाणी भरपूर प्यायचं, दिलेल्या तारखेला नळी काढायला यायचं. आणि थंडी वाजून ताप आला तर घरी गोळी घेऊन झोपायचं नाही, सरळ इथे यायचं. इन्फेक्शन रक्तात गेलं तर किडनीच काय, माणूससुद्धा हातातून जातो."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तारीख आली ती नेमकी गणपतीतली. आता देवाच्या दिवसांत नळी कसली काढायची, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण निराळं होतं. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. बस डेपोत होते. आवाज असा, की माइक बंद असला तरी कुणाला कळू नये. गेली कित्येक वर्षं ते माझ्या नारळाकडे डोळे लावून बसले आहेत. मी एक संध्याकाळ चुकलो असतो तर गाऱ्हाणं त्यांनी घातलं असतं, आणि ते लोकांना आवडलं असतं. दुसऱ्या गोष्टीचीच मला धास्ती होती. मी हॉस्पिटलात गेलोच नाही आणि बायकोला सांगितलं, "विसर्जनानंतरची तारीख दिली त्यांनी." तिने विश्वास ठेवला. तिच्या या गुणावर माझा अर्धा संसार चालला आहे.

नळीमुळे सारखी लघवीला लागायची. मंडप तळमजल्यावर, घर अठराव्या मजल्यावर, आणि आमची लिफ्ट गणपतीत प्रत्येक मजल्यावर पाहुणे उतरवत वर जाते. एकदा तर मी लिफ्टमध्ये अशा अवस्थेत उभा होतो की सातव्या मजल्यावर मोदकांचं ताट घेऊन आलेल्या पाहुणीला नमस्कार करायलाही हात मोकळा नव्हता. त्यावर मी अक्कल लढवली आणि पाणीच कमी केलं. डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलट वागण्यालाच मी बरीच वर्षं व्यवहारज्ञान म्हणत आलो आहे.

मग एका सकाळी हुडहुडी भरली. भाद्रपदातला मुंबईचा उकाडा, मंडपात पंखे गरगरतायत, लोक घाम पुसतायत, आणि मी उपरण्यात गुरफटून बसलेलो. कुणी विचारलं तर म्हणालो, "सोवळ्यात आहे." तापाची गोळी घेतली, ताप उतरला. डॉक्टरांना उगाच घाबरवायची सवय असते, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो. ताप पुन्हा चढला, मी पुन्हा गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. कमरेत डाव्या बाजूला ठणका लागला होता. गोळ्यांचं रिकामं पाकीट बायकोच्या हाताला लागू नये म्हणून कुर्त्याच्या खिशात ठेवलं आणि दुपारभर मंडळाच्या कामाच्या नावाखाली मंडपातच बसून राहिलो.

संध्याकाळी आरती झाली. नारळ माझ्या हातात आला. मी सुरुवात केली, "बा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप घुमला.

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"पाचव्या माळ्यावरच्या काकींचो गुडघो..."

पुढे शब्दच येईनात. दात दातांवर वाजू लागले. नारळ थडथड उडायला लागला. काही भाविकांना वाटलं, माझ्या अंगात आलं. दोन बायकांनी हातही जोडले. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ एक पाऊल पुढे सरकले.

पण त्यांच्या आधी पोचली माझी बायको. गर्दीतून वाट काढत आली आणि नारळ घ्यायला तिने माझे हात धरले ते क्षणभर सोडलेच नाहीत. मग नारळ काढून घेतला आणि देवाकडे तोंड केलं. आमच्याकडे बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "ह्या माझ्या घोवाच्या पोटात नळी आसा."

लोक क्षणभर गोंधळले. मग सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"ती काढूक डॉक्टरान बोलावल्यान, तर ह्यो गेलो नाय. माका खोटां सांगल्यान. आज दुपारी हॉस्पिटलातसून माका फोन इलो, तेव्हा कळला."

"व्हय म्हाराजा!"

"आता अंगात ताप आसा, तोव लपवल्यान. ह्येका वायच बुद्धी दी रे म्हाराजा!"

हा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठा होता. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही मागणीला इतकी मनापासून साथ मिळाली नव्हती. जन्मभर अहो-जाहो करणारी बायको मला चारचौघांत 'ह्यो' म्हणाली, तेही तेव्हाच लक्षात आलं.

"आणि कोणतरी गाडी काढा रे म्हाराजा!" हे बोलताना मात्र तिने तोंड देवाकडून लोकांकडे वळवलं.

"व्हय म्हाराजा!" म्हणत गाडी काढली ती दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी. ज्याच्या आवाजाला मी मरणापेक्षा जास्त भीत होतो, तोच माणूस पुलावरच्या गर्दीत खिडकीतून डोकं काढून "पेशंट आहे, सरका!" असं ओरडत होता आणि रस्ता मोकळा होत होता. मी मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून कुडकुडत होतो. माणूससुद्धा हातातून जातो, हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं. मी घाबरलो. मला मरायचं नव्हतं, आणि मरायचं कारण 'नारळाचा मान सोडवला नाही' असं तर मुळीच नको होतं.

हॉस्पिटलात बीपी उतरलेलं निघालं. एकाने रक्त काढलं, एकाने सलाईन लावलं, कुणीतरी आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, "ताप कधीपासून?"

तोंडात उत्तर तयारच होतं, आज संध्याकाळपासून. ते बाहेर पडायच्या आत मी बायकोकडे बघितलं. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. नारळ अजून तिच्या हातात तसाच होता, दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेला.

"काल सकाळपासून," मी म्हणालो. "गोळ्या घेऊन दाबला. पाणी कमी पीत होतो. नळी काढायला बोलावलं होतं, मीच आलो नाही."

डॉक्टर लिहीत राहिला. बायकोने पदराने डोळे पुसले आणि अगदी हळू, मला तेवढं ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली,

"व्हय म्हाराजा."